मुली कॉलेजात टिकवायच्या असतील तर आधी एसटीचं टाइमटेबल काढा

मी साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात विद्यार्थी विभागाच्या खिडकीवर बसते. बोनाफाईड, पासचे फॉर्म, स्कॉलरशिप, परीक्षा फॉर्म, टीसी, सगळं माझ्या हातातनं जातं, त्यामुळं कुठली पोरगी शिक्षण सोडायच्या बेतात आहे हे वर्गातल्या सरांच्या आधी मला कळतं. आणि मुलींचं सक्षमीकरण म्हणून आपण जे करतो, म्हणजे ८ मार्चचं व्याख्यान, ३ जानेवारीला फोटोला हार, रांगोळी स्पर्धा, यातल्या कशानं एखादी गळणारी मुलगी थांबली असं मला तरी आठवत नाही. कार्यक्रम करा की, कोण नको म्हणतंय, सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. पण त्याच्या आधी करायची कामं वेगळी आहेत. प्राचार्य, संस्थाचालक, विद्यापीठातले अधिकारी, नाहीतर नुकतंच युवती मंचचं काम गळ्यात पडलेल्या मॅडम, कुणीही असा, ही यादी त्यांच्यासाठी.

पहिलं काम ॲडमिशनच्या फॉर्मवर. आपण त्यात जात, धर्म, रक्तगट, आधार सगळं विचारतो, पण कुठल्या गाडीनं येणार आणि परत जायला शेवटची गाडी किती वाजता हे कुणी विचारत नाही. एवढा एक रकाना वाढवा. जुलैत त्याची एक्सेल काढली की लगेच दिसतं की परळी खोऱ्यातनं किती जणी येतात, ठोसेघरकडनं किती, मेढ्याच्या पलीकडनं किती, कोरेगाव-रहिमतपूर बाजूनं किती. मग टाइमटेबलवाल्या सरांना ती यादी द्या आणि सांगा की प्रॅक्टिकलच्या बॅचेस यावरनं पाडा. आत्ता काय होतं, बॅचेस रोल नंबरनं पडतात आणि रोल नंबर आडनावावरनं, म्हणजे आडनाव शिंदे नाहीतर यादव असलं की शेवटची बॅच, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतंय, स्टँडवर पोचेपर्यंत गाडी गेली, पुढची मिळाली तर फाट्यावर उतरून अंधारात वस्तीपर्यंत चालत. घरचे चार दिवस टॉर्च घेऊन न्यायला येतात, पाचव्या दिवशी म्हणतात बास झालं शिक्षण. पोरगी हुशार आहे का, तिला शिकायचंय का, हा प्रश्न तिथं येतच नाही. लांबची मुलगी सकाळच्या बॅचला आणि गावातली संध्याकाळच्या, एवढाच बदल, फुकटातला. सर लोक कुरकुर करतात, जर्नल तपासायला रोल नंबर मागंपुढं होतात म्हणून. होऊ देत.

गाडीच नसेल तर आगार व्यवस्थापकांना प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्यायचं. तोंडी विनंतीला काही अर्थ नसतो. पत्रात मार्ग, गाव, त्या गावातल्या मुलींची संख्या आणि कॉलेज सुटायची वेळ असा तक्ता हवा, एक प्रत विभाग नियंत्रकांना, आणि आवक नंबर टाकून पोच घ्यायची. पोच असली की महिन्यानं परत जाऊन विचारता येतं. नवीन गाडी लगेच मिळत नाही हे खरं, पण असलेली गाडी पंधरा मिनिटं पुढं सरकवणं नाहीतर कॉलेजच्या फाट्यावर थांबा देणं, हे मागितलं तर पदरात पडण्यासारखं आहे.

पासचंही एक लक्षात ठेवा. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट असतो. एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला आली की तो बंद, मग विद्यार्थी सवलतीचा मासिक पास, त्यात साधारण एक तृतीयांश भाडं भरावं लागतं. रक्कम फार नाही वाटत आपल्याला, पण कालपर्यंत शून्य होतं ते आज दर महिन्याला द्यायचं म्हटल्यावर घरात विषय निघतो, त्यात धाकटा भाऊ अकरावीला असला तर विचारूच नका. कॉलेजच्या विद्यार्थी सहाय्यता निधीतनं, माजी विद्यार्थ्यांकडनं, कुठनंही करा, पण पहिल्या सेमिस्टरला दहा-वीस गरजू मुलींचे पास काढून द्या. एका पाहुण्याच्या शाल-श्रीफळ-मानधनात आणि स्टेजच्या फुलांत बरेच पास निघतात, मी बिलं बघितलीत.

टॉयलेटवर लांबण लावत नाही. कडी लागते का, पाणी आहे का, दिवा आहे का, झाकणाची बादली आहे का, आठवड्यातनं एकदा कुणीतरी बाईमाणसानं जाऊन बघायचं आणि वहीत सही करायची. पॅडचं मशीन बसवताना फोटो निघतो आणि नंतर ते बंद पडतं, म्हणून सोबत लेडीज कॉमन रूममध्ये कपाटात पाकिटं ठेवा, किल्ली मावशींकडं. ऑफिसात पुरुष क्लार्ककडं मागायला कुठलीही मुलगी जाणार नाही, ती घरी जाते आणि दोन लेक्चर बुडतात.

आता पैसा. राज्य सरकारनं २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, बीएड वगैरे, सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशातनं (कॅप) आलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखाच्या आत पाहिजे. आधी ही सवलत अर्धी होती. गावात अजून निम्म्या लोकांना ती अर्धीच माहितीय, आणि काहींना वाटतं बीए, बीकॉमलाही हीच लागू आहे. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीई, तिची प्रगती स्कॉलरशिप टेक्निकलच्या मुलींना वर्षाला ५० हजार देते, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. या गोष्टी नोटीस बोर्डावर जीआरची झेरॉक्स चिकटवून कळत नाहीत. ॲडमिशनच्या आठवड्यात एक टेबल फक्त याच कामाला लावा, एक माणूस, एक कॉम्प्युटर, आणि पालकांना सोप्या मराठीत सांगा की उत्पन्नाचा दाखला तहसीलमधनं कधी काढायचा, नॉन क्रिमिलेअर कुणाला लागतं. आणि कृपा करून आधी पूर्ण फी भरा, सरकारचे आले की परत देऊ असं म्हणू नका, त्या एका वाक्यावर बाप पोरीला घेऊन माघारी जातो.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरनं येणारे स्कॉलरशिपचे पैसे आधारला लिंक असलेल्या खात्यात पडतात, फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात पडतीलच असं नाही. पोरगी येते, मॅडम पैसे आलेच नाहीत, आणि बघावं तर दोन वर्षांपूर्वी कुणीतरी गावात येऊन दुसऱ्याच बँकेचं खातं उघडून दिलेलं, आधार त्याला जोडलेलं, पैसे तिकडं पडून आणि पासबुक बापाच्या पेटीत. म्हणून फॉर्म भरतानाच आधार सीडिंग, म्हणजे आधार कुठल्या खात्याला जोडलंय, ते तपासून द्या. आणि ते खातं तिच्या एकटीच्या नावावर, एटीएम कार्ड तिच्याकडं. यावरनं घरी वाद होतो कधीकधी, पण स्कॉलरशिपचे पैसे भावाच्या गाडीच्या हप्त्याला गेलेले मी बघितलेत, त्यामुळं या बाबतीत मी मागं हटत नाही.

आता लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत तक्रार समिती, जिला लोक अजून विशाखा समिती म्हणतात. सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ चा कायदा आला, आणि कॉलेज-विद्यापीठांसाठी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) वेगळे २०१५ चे विनियम, म्हणजे नियम, आहेत, ते जरा कुणीतरी वाचाच. बोर्डावर समितीची नावं असतात, त्यातल्या एक मॅडम तीन वर्षांपूर्वी रिटायर, एकीचा नंबर बंद, आणि वर कुठल्यातरी विभागप्रमुखांचं नाव. विनियम सांगतात की अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर, बाहेरची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी, एकूण निम्म्या तरी बायका. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख असली वरच्या खुर्चीतली माणसं समितीत बसवायची नाहीत, कारण उघड आहे, दबाव येतो. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, कारण पटलं तर समिती मुदत वाढवू शकते, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची.

पण कागद बरोबर केला म्हणजे मुली येतील असं नाही. मुलीला ज्यानं त्रास दिला त्याच्यापेक्षा घरी कळेल याची भीती जास्त असते. घरी कळलं की पहिला निर्णय एकच, कॉलेज बंद. म्हणून ज्यांच्याकडं तक्रार येते त्यांनी सगळ्यात आधी हे सांगायचं की तुझं नाव बाहेर जाणार नाही, आणि ते खरोखर पाळायचं, स्टाफरूममध्ये चहाबरोबर चघळायचं नाही, तिला न विचारता वडिलांना फोन लावायचा नाही. लिहिता येत नसेल तर समितीतल्या बाईनं बसून लिहून घ्यायचं. समोरचा शिक्षक असेल तर पहिल्याच दिवशी त्याच्याकडनं तिचे इंटरनलचे आणि प्रॅक्टिकलचे मार्क काढून दुसऱ्याकडं द्या. विनियमात चौकशी चालू असताना अशी व्यवस्था करायची तरतूद आहे, आणि मुली गप्प बसतात त्यात वीस मार्कांचा हिशोब मोठा असतो हे सगळ्यांना माहितीय पण कुणी बोलत नाही. फोटोवरनं कुणी धमकावत असेल तर तू पाठवलासच कशाला हा प्रश्न गिळून टाका. स्क्रीनशॉट आणि नंबर जपून ठेवायला सांगा, सरकारच्या सायबर पोर्टलवर तक्रार करायला सोबत बसा, तातडीचं असेल तर ११२.

हॉस्टेल. मुलांना रात्री दहापर्यंत मोकळीक आणि मुलींच्या गेटला सातला कुलूप, वर सुरक्षेचं कारण. यूजीसीच्या याच विनियमात स्पष्ट लिहिलंय की सुरक्षेचं कारण पुढं करून हॉस्टेलमध्ये मुलांपेक्षा वेगळे नियम मुलींवर लादायचे नाहीत. मला माहितीय पालकच म्हणतात लवकर बंद करा. मग निदान लायब्ररी, अभ्यासिका आणि मैदान हॉस्टेलच्या आवारात किंवा दिव्याच्या रस्त्यावर आणा, म्हणजे गेट हा प्रश्नच छोटा होतो. आमच्याकडं निम्म्या पोरी पोलीस भरतीची तयारी करतात, पहाटे पाचला पळायला जागा लागते, मैदानावर दोन दिवे आणि एक वॉचमन एवढंच पुरतं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकच्या फायनलला पळाली, साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ ला तिरंदाजीत जगज्जेती झाली, त्यांचे बॅनर आपण लावतो आणि संध्याकाळी मैदान मात्र पोरांच्या क्रिकेटला.

आणि हॉस्टेल नसेल तर बांधायला पैसे नाहीत म्हणून हात झटकू नका. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा कुठं पैसे होते, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं पण पोरं उपाशी ठेवली नाहीत. या मातीत शिक्षणाची सुरुवात राहायच्या आणि जेवायच्या सोयीपासनं झालीय. आज एवढं तर होईल की गावात विश्वासू घरांत ज्या खोल्या भाड्यानं मिळतात त्यांची यादी कॉलेजनं स्वतः बघून करायची, मालकाशी बोलायचं, आणि महिन्यातनं एकदा मॅडमनी चक्कर टाकायची. कमवा आणि शिका योजनेत मुलींना नुसतं झाडांना पाणी घालायला लावू नका, ऑफिसात, लायब्ररीत, कॉम्प्युटर लॅबमध्ये घ्या, बायोडाटात लिहिता येईल असं काम द्या.

विद्यापीठाच्या पातळीवर करायचं ते थोडं पण महत्त्वाचं. पेपर संध्याकाळच्या सत्रात ठेवला तर डोंगरातल्या मुलींचं काय होतं हे वेळापत्रक करणाऱ्यानं एकदा विचारावं. कॉलेजचं ऑडिट करताना तक्रार समिती आहे का असं विचारू नका, वर्षभरात बैठका किती, निवडून आलेल्या विद्यार्थिनी कोण, त्यांना फोन लावून बघा.

शेवटचं, लग्न. एसवायच्या (दुसऱ्या वर्षाच्या) परीक्षेनंतर मे महिन्यात लग्न होतं, नवरा पुण्याला नाहीतर पनवेलला, आणि आपण रजिस्टरला गैरहजर मांडत बसतो. अशा मुलीचा स्वतःचा मोबाईल नंबर आधीच घेऊन ठेवा, वडिलांचा नको, लग्नानंतर तो उपयोगाचा राहत नाही. तिला सांगा की कागदावरचं नाव बदलायची घाई करू नकोस, मार्कशीटवर एक आणि आधारवर एक झालं की फॉर्म अडकतात. नवीन शैक्षणिक धोरणात वर्ष पूर्ण केलेले क्रेडिट जमा राहतात आणि नंतर परत येता येतं, हे तिच्या सासूबाईंसमोर कुणीतरी नीट सांगितलं पाहिजे. दिवस गेले असतील तर हजेरीत सवलत मिळू शकते, यूजीसीनं डिसेंबर २०२१ ला सगळ्या विद्यापीठांना पदवी-पदव्युत्तरच्या मुलींसाठी तसे नियम करायला सांगितलंय, पीएचडीला तर २४० दिवसांपर्यंत रजा आहे. तिनं विचारायची वाट बघू नका, ती विचारत नाही, ती सरळ यायची थांबते.

त्यासाठी वर्षातनं दोनदा एक काम करा. परीक्षा फॉर्मची मुदत संपायच्या आठ दिवस आधी, ज्यांनी फॉर्म भरला नाही त्या मुलींची यादी सॉफ्टवेअरमधनं काढायची आणि एका मॅडमनी बसून प्रत्येकीला फोन करायचा. कुणाला फीचे पैसे नसतात, कुणाला तारीखच कळलेली नसते, कुणाचं लग्न ठरलेलं असतं, कुणी सांगते की आईचं ऑपरेशन आहे. दिवाळीनंतरची यादी जास्त जपून काढा, तुळशीचं लग्न झालं की बाकीची लग्नं सुरू होतात. लेट फीनं फॉर्म भरायची तारीख बहुतेक वेळा शिल्लक असते, ती फोनवरच सांगा, आणि लेट फी कॉलेज भरेल हेही.