नवी खिडकी शीळ घालतेय? फटी बुजवताना या चुका टाळा

ऐरोलीच्या आमच्या घराच्या खिडक्या एप्रिलमध्ये बदलल्या. जुन्या, घासत सरकणाऱ्या पल्ल्यांच्या जागी जाड काचेच्या नव्या आल्या. जुलैत पश्चिमेचा वारा सुटला आणि आई म्हणाली, "खिडकी लावलीयेस ना रे? मग पडदा कसला हलतोय?" कारागिराला बोलावलं. त्याने चौकटीभोवती सिलिकॉनची आणखी एक नळी रिकामी केली आणि गेला. दोन दिवसांनी पडदा पुन्हा हलायला लागला, शिवाय खालच्या कोपऱ्यात ओल आली.

नंतर उदबत्ती घेऊन बसलो, तेव्हा कळलं की हवा चौकटीभोवतून येतच नव्हती. ती दोन पल्ले एकमेकांवर येतात त्या उभ्या सांध्यातून येत होती. कारागिराने फट न शोधताच ती बुजवली होती!

आधी उदबत्ती, मग सिलिकॉन

घराची सगळी दारं-खिडक्या लावा, शेगडी आणि गॅस गिझर बंद ठेवा, पंखे थांबवा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पूर्ण वेगाने सुरू करा. तो हवा बाहेर फेकतो, त्यामुळे बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत शिरते. पेटती उदबत्ती खिडकीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर जिथे खोलीच्या दिशेने ढकलला जाईल तिथे पेन्सिलीने खूण करा. खुणा भिंत आणि चौकट यांच्यामध्ये आल्या तर काम गवंड्याचं आणि फॅब्रिकेटरचं, म्हणजे खिडकी बनवून बसवणाऱ्याचं. पल्ला आणि चौकट यांच्यामध्ये आल्या तर रबर, ब्रश किंवा लॉकचं. दुसऱ्या प्रकारच्या फटीवर सिलिकॉनचा काडीचाही उपयोग नाही.

फट सिमेंटने भरून टाकणे

आपल्याकडची ही सर्वांत जुनी सवय. चौकट बसली की भोवतालची जागा रेती-सिमेंटने भरायची आणि वरून व्हाइट सिमेंट घोटायचं. आठवडाभर छान दिसतं. पण दोन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची चौकट तापमान 30 अंशांनी बदललं की जवळपास दीड मिलिमीटर लांबते-आखडते. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट, तर त्याच्या दुपटीहून जास्त हलते. भिंत तेवढी हलत नाही. मग सिमेंट आणि चौकट यांच्यामध्ये केसाएवढी चीर पडते, आणि घोडबंदर रोडच्या वरच्या मजल्यावर वाऱ्याला तेवढी चीर पुरते. भिंतीचं भोक वेडंवाकडं असेल तर आधी गिलाव्याने सरळ करून घ्या, पण चौकटीभोवती 6 ते 10 मिलिमीटर जागा मोकळी राहू द्या. ती जागा हलू शकणाऱ्या वस्तूनेच भरायची.

सिलिकॉनने भराव घालणे

सिलिकॉन म्हणजे झाकण, भराव नव्हे. खोल फटीत नळीच्या नळी ओतली की ते मागच्या बाजूलाही चिकटतं आणि ताणायला मोकळं राहत नाही. चौकट आखडली की कडेने सुटतं. म्हणून आधी फटीत फोमची गोल दोरी दाबून बसवायची. हार्डवेअरच्या दुकानात तिला बॅकर रॉड म्हणतात, फटीपेक्षा थोडी जाड घ्यावी. तिच्यावर सिलिकॉनचा थर फटीच्या रुंदीच्या साधारण निम्मा: 10 मिलिमीटर फटीला 5-6 मिलिमीटर. मग सिलिकॉन फक्त चौकट आणि भिंत धरतं आणि रबरासारखं ताणलं जातं.

नळी विकत घेताना वास विचारा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन काचेला ठीक, पण सिमेंटवर धरत नाही आणि संगमरवराच्या उंबऱ्यावर डाग पाडतं. भिंतीसाठी नळीवर 'न्यूट्रल' लिहिलेलं हवं.

आणखी एक मजेशीर चूक मी स्वतः पाहिली. नव्या चौकटीवर कंपनीची संरक्षक प्लास्टिक पट्टी असते. ती काढायच्या आतच सिलिकॉन मारलं, तर पट्टी सोलताना सिलिकॉनही तिच्यासोबत निघतं. जुन्या सिलिकॉनवर नवा थर मारणंही तसंच, तो धरत नाही. जुना पुरता खरवडून, धूळ पुसून, कोरडं करूनच नवा थर घ्या.

पीयू फोम, म्हणजे डब्यातून मारला की फुगणारा फेस, मोठ्या फटीत चांगला, पण तो हवा अडवतो, पावसाचं पाणी नाही. उन्हात तो पिवळा पडून भुगा होतो. म्हणून तो आत दडलेला हवा आणि बाहेरून सिलिकॉनने झाकलेला. एकाच दमात जास्त मारला तर फुगून चौकट वाकवतो आणि पल्ला अडकतो.

पाण्याची भोकं बंद करणे

चौकटीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरून लहान भोकं असतात. डास येतात म्हणून लोक ती सिलिकॉनने बुजवतात. ट्रॅकमध्ये पाणी येणारच, ते जाण्याची वाट हीच. ताशी 60 किलोमीटरचा वारा काचेवर साधारण 170 पास्कल दाब देतो, म्हणजे 17 मिलिमीटर उंच पाण्याचा. आतल्या बाजूने हवा गळत असेल तर हा दाब ट्रॅकमधलं पाणी भोकातून बाहेर जाऊ देत नाही, उलट बुडबुडे काढत खोलीत ढकलतो. जोरदार सरीत ट्रॅक फसफसताना दिसला तर समजा, आतली रबरं कच्ची आहेत. हवा आतल्या बाजूच्या रबरांनी अडवायची आणि पाण्याला बाहेरच्या बाजूच्या भोकांतून जाऊ द्यायचं. डासांसाठी भोकांवर बसणारी प्लास्टिकची झडप मिळते.

ब्रश आणि रबर

सरकत्या पल्ल्यांच्या कडेला केसाळ ब्रश असतो. रंगारी त्यावर रंगाचा हात फिरवतो, तो कडक होतो, आणि मग शीळ वाजते. कोपऱ्यात ब्रश दोन बोटं आखूड कापलेला असतो, हेही तपासा. ब्रश आणि रबर दोन्ही स्वस्तात बदलता येतात. पण सरकती खिडकी कधीच दारासारख्या उघडणाऱ्या, चहूबाजूंनी रबर दाबणाऱ्या खिडकीइतकी बंद होणार नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून घर असेल आणि आवाज-धूळ हा मूळ त्रास असेल, तर ऑर्डर देतानाच हे ठरवा.

हे सगळं मे अखेरपर्यंत संपवा. ओल्या भिंतीवर सिलिकॉन बसत नाही, आणि न्यूट्रल नळी दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच वाळते. बाहेरच्या बाजूचं काम हार्नेस बांधणाऱ्या माणसाकडूनच, गजाला धरून लोंबकळणाऱ्याकडून नको.

आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथल्या झरोक्याच्या काचपट्ट्या मुळीच बुजवू नका. तिथली हवा कोंडली की जळण अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो, ज्याला वास नसतो.