पुन्हा वापरता येणाऱ्या उत्प्रेरकाने बिजिनेली अभिक्रिया कशी करावी

नायट्रोजनयुक्त वलयी संयुगे बनवण्याचा सराव करणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतील एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी द्रव आम्लाऐवजी गाळून परत मिळणारा घन उत्प्रेरक वापरावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. द्रव आम्ल शेवटी अल्कली घालून उदासीन करावे लागते आणि खारट सांडपाणी मागे उरते. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा ज्या खाडीलगत आहे, तिच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला. इथे तरी सांडपाणी मुळातच कमी निर्माण झाले पाहिजे.

सुरुवातीला बिजिनेली अभिक्रिया घ्यावी. १८९१ पासून माहीत असलेल्या या अभिक्रियेत तीन पदार्थ एकाच फ्लास्कमध्ये जुळून डायहायड्रोपिरिमिडिनोन हे नायट्रोजनयुक्त वलयी संयुग तयार होते आणि पाण्याचे फक्त दोन रेणू बाहेर पडतात. बेन्झाल्डिहाइड १.०६ ग्रॅम, इथाइल ॲसिटोॲसिटेट १.३० ग्रॅम, युरिया ०.९० ग्रॅम, द्रावक म्हणून इथेनॉल १५ मिलिलिटर आणि घन उत्प्रेरक म्हणून वाळवलेले अँबरलिस्ट-१५ रेझीन (आम्लगट असलेले बहुवारिकाचे दाणे) ०.२५ ग्रॅम घेऊन फ्यूम हूडमध्ये रिफ्लक्स करावे (वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल असे उकळावे) व प्रगती टीएलसीवर (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) पाहावी. जुन्या बाटलीतील बेन्झाल्डिहाइडमध्ये बेन्झोइक आम्ल साचलेले असते आणि तेही उत्प्रेरकाचे काम करू शकते, म्हणून ते सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन घ्यावे. चुंबकीय ढवळणी मंद ठेवावी. जोरात फिरणाऱ्या कांडीखाली रेझीनचे दाणे भरडले जातात आणि गाळणीतून निसटतात.

उत्पाद थंड इथेनॉलमध्ये फारसा विरघळत नाही. त्यामुळे अभिक्रिया संपल्यावर स्फटिक पूर्ण विरघळेपर्यंत गरम इथेनॉल घालावे, गरम असतानाच गाळावे आणि गाळीव द्रव थंड होऊ द्यावा. गाळणीवरचे दाणे गरम इथेनॉलने धुऊन, वाळवून, वजन करून ठेवावेत. वजन घटले असेल, तर तेच दाणे वापरायच्या पुढच्या फेरीत बाकीचे पदार्थ त्याच प्रमाणात कमी घ्यावेत.

खरी कसोटी पुढेच आहे. पाच फेऱ्यांत उत्पादन तेवढेच मिळाले, एवढ्यावरून उत्प्रेरक टिकला असे म्हणता येत नाही, कारण अभिक्रियेला भरपूर वेळ दिला की अर्धा निकामी झालेला उत्प्रेरकही ती पूर्णत्वाला नेऊ शकतो. म्हणून प्रत्येक फेरीत, साधारण निम्मे रूपांतर होते त्या ठरावीक वेळी नमुना काढून तुलना करावी. शिवाय एका वेगळ्या प्रयोगात, त्याच टप्प्यावर दाणे गरम असतानाच गाळून टाकावेत आणि उरलेला द्रव तापवत राहावा. उत्प्रेरकाविना केलेल्या प्रयोगापेक्षा त्याचा वेग जास्त दिसला, तर आम्ल द्रावणात उतरले आहे आणि काम घन उत्प्रेरक एकटा करत नाही.

वेग फेरीगणिक घटत असेल, तर आधी आम्लस्थाने (दाण्यांवरचे आम्लगट) मोजावीत: दाणे मिठाच्या पाण्यात हलवून सुटलेले आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करावे. युरियाच्या विघटनातून निघालेला अमोनिया ही स्थाने व्यापतो. तसे आढळल्यास दाणे विरल हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवावेत, धुण्याचे पाणी उदासीन होईपर्यंत धुवावेत आणि वाळवावेत. हे रेझीन १२० अंश सेल्सिअसच्या वर तापवू नये. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत ते झपाट्याने ओलावा धरते, म्हणून डेसिकेटरमधून (पदार्थ कोरडे ठेवणारे बंद भांडे) काढल्यावर लगेच वजन करावे.