पीएचडी सोडण्याआधी थांबवता येते: नाशिकमध्ये राहून विज्ञानात संशोधन करू पाहणाऱ्या मुलींसाठी

एमएस्सीच्या वर्गात मुलगे शोधावे लागतात, इतक्या मुली असतात. हे फक्त आमच्या नाशिकचं चित्र नाही. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत विज्ञान शाखेच्या ५७.२ लाख विद्यार्थ्यांपैकी २९.८ लाख मुली होत्या. त्यामुळे मुलींना विज्ञान झेपतं का, हा प्रश्न आता कोणी विचारूच नये. गळती पुढे होते. पीएचडीची नोंदणी झालेली असते, लग्न होतं, मूल होतं, आणि ती हळूहळू दिसेनाशी होते. मी जवळून पाहिलेल्या बहुतेक जणींनी ‘सोडते’ असं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. आधी लॅबला जाणं कमी झालं, मग सहामाही प्रगती अहवाल राहिला, मग इतके महिने गेले की सरांसमोर जायचीच लाज वाटू लागली. विषय चांगला होता, निम्मं काम झालेलं होतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझी पीएचडी लग्नानंतर झाली आणि मधे बाळंतपणही झालं. म्हणून नव्याने या वाटेला येणाऱ्यांना मी पहिल्यांदा नियम वाचायला सांगते, प्रेरणेच्या गोष्टी नंतर.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार प्रवेशापासून सहा वर्षांत काम पूर्ण करायचं असतं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि स्त्री संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. एकूण मर्यादा दहा वर्षांची. शिवाय संपूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. म्हणजे थांबण्याची सोय नियमातच आहे. ती कुणाची मेहेरबानी नाही, त्यामुळे मागताना अवघडून जाण्याचं कारण नाही.

पण ती कागदावर घ्यावी लागते. आपल्याकडे ‘सरांच्या कानावर घातलंय’ यावर बरंच काही चालतं. सर निवृत्त होतात, विभागातले क्लार्क बदलतात, आणि तुम्ही रजेवर होतात हे कुणालाच आठवत नाही. अर्ज गाइडची सही घेऊन संशोधन केंद्रात द्या, रजेची तारीख ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशी स्पष्ट लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ती प्रत फाइलमध्ये, फोटो मोबाइलमध्ये. फेलोशिप असेल तर तिथे वेगळा अर्ज करावा लागतो. जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप. तिची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, आणि जेआरएफच्या वयोमर्यादेत महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. लग्नामुळे एक-दोन वर्षं गेली म्हणून ‘आता वय झालं’ असं परस्पर ठरवून टाकू नका.

आता विषय आणि गाइड यांच्या निवडीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी ओढाताण इथेच ठरते. नाशिकच्या मुलीला पुण्याचं आकर्षण असतं, आणि ते रास्त आहे. उपकरणं, चर्चासत्रं, माणसं तिथे जास्त आहेत. पण नाशिक-पुणे दोनशे किलोमीटरच्या वर आहे. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत चाकणच्या कोंडीत अडकलं की जाण्यातच अर्धा दिवस जातो. चोविसाव्या वर्षी हे सहज जमतं. तेच घरी अंगावरचं मूल असताना करायचं झालं तर महिन्यातून एक खेपही जड जाते. आपल्या पुणे विद्यापीठाची मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं नाशिकच्या काही महाविद्यालयांतही आहेत. तिथे नोंदणी करून मोठ्या उपकरणावरचं काम तेवढं पुण्यात, आधी वेळ ठरवून, एकगठ्ठा उरकता येतं.

मी द्राक्षाच्या पानांवरच्या उपकारक जिवाणूंवर काम करायचं ठरवलं, त्यामागे हाही हिशेब होता. बागा दिंडोरी-निफाडला, सकाळी नमुने घेऊन दुपारी लॅबमध्ये परत. माझा भर बॅसिलस या जिवाणूवर होता, आणि त्याच्या वसाहती, म्हणजे प्लेटवर उगवणारे ठिपके, साधारण एका दिवसात दिसतात. दुपारी तीनला प्लेट लावली की दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मोजायची, रात्री कुणाला लॅब उघडायला सांगायला नको. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचं तसं नाही. त्याचा बुरशीसारखा जीव कृत्रिम माध्यमावर वाढतच नाही, त्याला जिवंत पान लागतं आणि त्या पानांची रोज निगा राखावी लागते. विषय उत्तम, पण घरी तान्हं बाळ असेल तर मदतनीस असल्याशिवाय मी कुणाला सुचवणार नाही. विषय निवडताना ‘या प्रयोगाला माझी रोज गरज आहे का, आणि कोणत्या वेळी’ हे गाइडला बिनदिक्कत विचारा. चांगल्या गाइडला हा प्रश्न खटकत नाही. ज्याला खटकतो, तो पुढे रजेच्या अर्जावर सही करताना काय करेल याचा अंदाज तेव्हाच घ्या.

रजेवर जाण्याआधी काम असं बांधून ठेवा की परत आल्यावर ते जागेवर सापडेल. मी जिवाणूंच्या सगळ्या शुद्ध वाणांचे ग्लिसरॉल स्टॉक, म्हणजे ग्लिसरॉलमध्ये गोठवून टिकवलेले नमुने, दोन-दोन करून डीप फ्रीजरमध्ये ठेवले होते. प्रत्येक कुपीवर क्रमांक, तारीख, बागेचं गाव, आणि त्याची यादी लॅबच्या वहीत, गाइडकडे आणि माझ्याकडे. लेबल पाण्याने पुसलं जाणार नाही अशा पेनने लिहा. परत आल्यावर स्टॉक काढले, प्लेटवर रेघा ओढल्या, आणि दुसऱ्या दिवशी वसाहती तशाच उगवल्या होत्या. मला तेव्हा फार आनंद झाला होता.

घराबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८. हा दोनशे मिनिटांचा फरक म्हणजे रोज एक शोधनिबंध नीट वाचून त्याच्या नोंदी काढण्याचा वेळ. ‘घरचं सगळं बघून कर काय करायचं ते’ हे वाक्य प्रत्येकीने ऐकलेलं असतं. ते प्रेमानेच म्हटलेलं असतं, पण त्यात घरचं कोण बघणार हे आधीच ठरलेलं असतं. आमच्याकडे बाळाच्या लसीकरणाचं कार्ड नवऱ्याकडे होतं. पुढची तारीख कोणती, ताप आला तर औषध किती मिली, हे त्याला पाठ होतं, मला विचारावं लागायचं. सासूबाईंना सुरुवातीला ते विचित्र वाटलं, मग सवय झाली. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांतून नमुने घेण्याचे दिवस आणि दिवाळी एकत्रच येतात, तेव्हा चकल्या-अनारसे आम्ही बचत गटाकडून आणतो. ही बोलणी लग्नाआधी किंवा निदान नोंदणीआधी करा. बाळ हातात असताना, झोप झालेली नसताना, वाटाघाटी होत नाहीत.

नोकरीचं थोडक्यात. सहायक प्राध्यापक पदासाठी नेट ही देशपातळीवरची किंवा सेट ही राज्याची पात्रता परीक्षा, किंवा पीएचडी, यांपैकी एक लागते, म्हणून सेट आधी काढून ठेवा. सहयोगी प्राध्यापक व्हायला मात्र पीएचडी हवीच. सुरुवात बहुधा तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर होते, आणि तिथे तास घेतला तर पैसे, नाही तर नाही. कायद्यात प्रसूती रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघराची तरतूद आली, पण सीएचबीवरच्या मुलीच्या वाट्याला यातलं फारसं येत नाही. मला याचा मनापासून राग येतो. उच्चशिक्षित मुलींच्या ऐन उमेदीच्या वर्षांवर आपली महाविद्यालयं उभी आहेत. रुजू होण्याआधी नेमणूकपत्रात काय आहे ते वाचा आणि रजेबद्दल लेखी विचारा. मुलाखतीत ‘मिस्टर कुठे असतात, मूल लहान आहे, कसं जमवणार’ असं विचारतात. एका ठिकाणी मलाही विचारलं होतं. उत्तरात घरची कहाणी सांगायची गरज नाही. कोणते पेपर शिकवू शकता, पुढच्या दोन वर्षांत कोणतं संशोधन करणार, एवढंच शांतपणे सांगा.

रुजू झाल्यावर समित्या वाटल्या जातात. बाईंकडे रांगोळी, स्वागत, सूत्रसंचालन, आणि सरांकडे परीक्षा, खरेदी, संशोधन. पदोन्नतीच्या अर्जात परीक्षेचं काम, समन्वयकपद, चर्चासत्राचं आयोजन, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, प्रसिद्ध झालेले पेपर मोजले जातात. पाहुण्यांना दिलेला गुच्छ मोजत नाहीत. वर्षाच्या सुरुवातीलाच प्राचार्यांना अर्ज देऊन हवी ती समिती मागा आणि आदेशाची प्रत घ्या.

लॅबमध्ये किंवा सहलीवर कुणाच्या वागण्याचा त्रास झाला तर संशोधक विद्यार्थिनीलाही संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येतं. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, आणि उच्च शिक्षण संस्थांसाठी यूजीसीचे २०१५ चे वेगळे नियम आहेत. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते, म्हणून मेसेज पुसून टाकू नका.

शोधनिबंधांवर नाव एकच ठेवा. लग्नानंतर आडनाव बदललं तरी छापील नाव जुनंच चालतं. ओआरसीआयडी हा संशोधकाची कायम ओळख देणारा क्रमांक पहिल्या पेपरच्या आधी काढा, तो फुकट मिळतो.

आणि खंड पडलाच, तर परतायच्याही वाटा आहेत. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने महिला वैज्ञानिकांसाठी या शतकाच्या सुरुवातीला योजना आणली. आज ती वाइज-किरण या नावाखाली पीएचडी, पीएचडीनंतरचं संशोधन आणि बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण अशा शाखांत चालते. जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर ही योजनाही महिला संशोधकांसाठीच आहे. वयाच्या अटी त्या-त्या जाहिरातीत नीट वाचा. अर्जात प्रकल्पाचा आराखडा लागतो आणि जिथे बसून काम करणार त्या संस्थेचं संमतिपत्र लागतं. मुदत जवळ आल्यावर हे पत्र मागायला गेलं की प्राचार्य बाहेरगावी असतात. म्हणून आपल्या जुन्या विभागात जाहिरात यायच्या आधीच जाऊन या, दोन पानी आराखडा बरोबर न्या, आणि तिथलं कोणतं उपकरण सध्या चालू आहे तेही विचारून घ्या.