‘इयर ऑफ द कॅट’ नव्या आवृत्तीत कसा ऐकावा

ग्लासगोत जन्मलेले गायक-गीतकार अल स्टुअर्ट यांचा ‘इयर ऑफ द कॅट’ हा अल्बम १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२१ मध्ये त्याची जी विस्तारित आवृत्ती निघाली, तिच्यासाठी मूळ निर्माते अ‍ॅलन पार्सन्स यांनीच मूळ टेपवरून ध्वनी नव्याने सिद्ध केला. केवळ शीर्षकगीत ठाऊक असलेल्यांनी या आवृत्तीकडे वळताना सुरुवात मात्र त्या गीतापासून करू नये. ते नववे आणि शेवटचे आहे, आणि आधीची आठ गाणी ऐकून तिथे पोहोचल्यावरच त्याची खरी उंची जाणवते.

पहिल्या बैठकीत सगळा अल्बम सलग ऐकावा. तो जेमतेम चाळीस मिनिटांचा आहे. या वेळी गीतांचे शब्द समोर ठेवू नयेत. स्टुअर्ट यांनी या अल्बमचे संगीत आधी पूर्ण ध्वनिमुद्रित केले आणि बहुतेक शब्द त्यानंतर लिहिले, त्यामुळे आधी चाल कानात मुरू देणे हे या गाण्यांच्या जडणघडणीला धरूनच आहे.

दुसऱ्या बैठकीत शब्द वाचावेत आणि प्रत्येक गाण्यामागची घटना थोडक्यात समजून घ्यावी. ‘लॉर्ड ग्रेनव्हिल’ ऐकण्यापूर्वी १५९१ मध्ये अझोर्स बेटांजवळ स्पॅनिश आरमाराशी एकट्या जहाजानिशी झुंजलेल्या रिचर्ड ग्रेनव्हिल यांची हकीकत वाचावी. ‘फ्लाइंग सॉर्सरी’मागे वैमानिक एमी जॉन्सन आहेत, ज्यांनी १९३० मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेले आणि वाटेत झाशीला उतरल्या. ‘ऑन द बॉर्डर’मध्ये स्पेनमधील बास्क प्रदेशातील संघर्ष आणि ऱ्होडेशियातील (आजच्या झिम्बाब्वेतील) गोऱ्या सत्तेचा शेवटचा काळ एकमेकांत मिसळतात. पोवाडा ऐकलेल्या आपल्या कानांना गाण्यातला इतिहास नवा नाही. परंतु पोवाडा प्रसंग क्रमाने उभा करतो, तर स्टुअर्ट ऐन प्रसंगाच्या मध्यावर आणून सोडतात आणि मागचे-पुढचे श्रोत्यावर सोपवतात. म्हणून हे वाचन केवळ माहितीसाठी नाही. त्यावाचून निम्मी गोष्ट हाती लागत नाही.

तिसरी बैठक शक्यतो चांगल्या हेडफोनवर करावी आणि ती शीर्षकगीतासाठीच राखावी. ही चाल १९६० च्या दशकातली असून तिचे पहिले शब्द ब्रिटिश विनोदी नट टोनी हॅनकॉक यांच्या हताशपणावर होते. हॅनकॉक यांनी १९६८ मध्ये आत्महत्या केली. पुढे स्टुअर्ट यांनी ते शब्द बाजूला ठेवले. नव्या शब्दांत हॉलिवूड नट हम्फ्री बोगार्टच्या चित्रपटातले वातावरण आणि व्हिएतनामी पंचांगातील मांजराचे वर्ष आले. गाण्याच्या मधल्या दीर्घ वादनात आधी तंतुवाद्ये, मग अकूस्टिक गिटार, मग इलेक्ट्रिक गिटार आणि अखेरीस फिल केन्झी यांचा सॅक्सोफोन येतो. सॅक्सोफोनची कल्पना पार्सन्स यांची होती आणि स्टुअर्ट यांना ती सुरुवातीला रुचली नव्हती. एक वाद्य मावळताना दुसरे नेमके कुठून उगवते, तेवढ्याकडेच लक्ष द्यावे. नव्या ध्वनीत हे सांधे स्पष्ट ऐकू येतात.

या आवृत्तीतील, सिअ‍ॅटलच्या १९७६ मधील मैफलीचे जादा ध्वनिमुद्रण अगदी शेवटी, काही दिवसांच्या अंतराने ऐकावे. मूळ नऊ गाणी पाठ झाल्याशिवाय रंगमंचावर त्यांत काय बदलले ते कळत नाही.