सोलापुरात राहून ॲक्टिंग करायचीय? नाटक, सिरियल आणि आपली स्वतःची फिल्म

पोरींनो, आपल्याकडं कुणी ॲक्टिंगचं नाव काढलं की लगेच अकलूजच्या रिंकू राजगुरूचा विषय निघतो. २०१६ ला सैराट आला, शाळेतल्या पोरीला राष्ट्रीय पुरस्कारात स्पेशल मेन्शन मिळालं, लई अभिमान वाटतो त्याचा, पण तसं कुणीतरी येऊन आपल्याला शोधेल म्हणून घरी बसून राहू नका. फैय्याज सोलापूरच्याच, १९६७ च्या कट्यार काळजात घुसली या नाटकातली झरीना. अतुल कुलकर्णी पण इथं हौशी नाटकं करून मगच एनएसडीला, म्हणजे दिल्लीच्या नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाला गेले. माझं मत ठाम आहे, सुरुवात नाटकापासूनच करा.

कॉलेजला असाल तर विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका, मूकनाट्य, जे मिळेल ते घ्या. कॉलेज संपलं असेल तर राज्य नाट्य स्पर्धेला उतरणाऱ्या एखाद्या हौशी ग्रुपमध्ये शिरा, पहिल्या वर्षी प्रॉम्प्टिंग (विंगेतून वाक्यं सांगणं) नाहीतर प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान सांभाळायला लावतील, मनापासून करा, तालमीला रोज बसल्यावरच नाटक कसं उभं राहतं ते कळतं. आणि प्रत्येक प्रयोगाचं सर्टिफिकेट, फोटो जपून ठेवा, कारण एनएसडीच्या ॲडमिशनला ग्रॅज्युएशनबरोबर किमान सहा नाटकांचा अनुभव मागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय लागली की तीच सवय कॅमेऱ्यासमोर आडवी येते. त्यासाठी एकच वाक्य घ्या, समजा "आई, मी उद्या मुंबईला चाललेय". आधी गच्चीवर उभं राहून पलीकडच्या घराला ऐकू जाईल असं म्हणा, पोटातून, घसा न ताणता. मग फोन दोन हातांच्या अंतरावर ठेवून तेच वाक्य शेजारी बसलेल्या माणसालाच ऐकू येईल असं म्हणा, भुवया न उडवता. रेकॉर्डिंग आवाज बंद करून बघा. नुसत्या डोळ्यांवरनं काही कळत नसेल तर परत घ्या.

बोलीची लाज अजिबात नको. आपली मराठी तेलुगू, कन्नड, दखनीच्या शेजारात वाढलीय, घरात यातली एखादी भाषा बोलत असाल तर ऑडिशनला आवर्जून सांगा. फक्त प्रमाण मराठी पण तितकीच सहज आली पाहिजे, रोज पेपर मोठ्यानं वाचा.

सेल्फ टेप, म्हणजे घरीच शूट करून पाठवायची ऑडिशन मागितली तर फोन आडवा, मागं साधी भिंत, खिडकीचा उजेड तोंडावर. नाव, वय, उंची, गाव, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल वेगळ्या क्लिपमध्ये. समोरचे डायलॉग वाचणारा लेन्सच्या अगदी बाजूला बसवा. त्यामुळं प्रत्येक ऑडिशनला सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करायची गरज उरत नाही, शॉर्टलिस्ट झाल्यावर जा, आणि पहिल्यांदा एकट्या जाऊ नका. ऑडिशनसाठी किंवा आर्टिस्ट कार्ड काढायला कुणी पैसे मागितले तर तिथंच थांबा. सिरियलमध्ये पैसे बऱ्याचदा ९० दिवसांनी येतात, टीडीएस कापून, तेवढे महिने खोलीचं भाडं कुठनं भरणार ते आधी ठरवा.

काम मिळेपर्यंत स्वतःची शॉर्ट फिल्म करा. गीतांजली कुलकर्णी एनएसडीच्या, नाटकातल्या, आणि त्यांनी सरकारी वकिलाचं काम केलेला कोर्ट हा सिनेमा २०१४ ला व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलपर्यंत गेला, स्वतंत्र सिनेमात अशाच तयारीच्या नट्या लागतात. आपल्या गल्लीतली, यंत्रमागावर काम करणाऱ्या बाईची, विडी वळणाऱ्या मावशीची गोष्ट घ्या, दहा मिनिटांत बसेल एवढीच. आवाजासाठी कॉलर माईक घ्याच, कारण चित्र थोडं हललं तर चालतं पण डायलॉग कळला नाही तर लोक बघत नाहीत. जागेची परवानगी आणि कलाकारांची सही कागदावर घ्या, गाणं कुणाचं ढापू नका. आणि झाली झाली म्हणून लगेच यूट्यूबला टाकू नका, बरेच फेस्टिव्हल आधीच ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत, आधी तिकडं पाठवा, नियम नीट वाचून.