आंब्याच्या दिवसांत बैठक आणि विद्यापीठाच्या आराखड्यातल्या बाकीच्या घोडचुका

विद्यापीठाच्या आराखड्यासाठी लोकांची मतं घ्यायला निघालं की पहिली चूक परिपत्रकातच होते. 'स्टेकहोल्डर'चं मराठी 'भागधारक' करून पत्रं सुटतात. एका मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी मला विचारलं होतं, "सर, आमचे शेअर कधी घेतलेत? लाभांश किती?" हितसंबंधी म्हणा, नाहीतर सरळ गावकरी, पालक, बागायतदार अशी नावं घ्या.

विद्यापीठानं दर पाच वर्षांनी बृहत आराखडा, म्हणजे पुढच्या वाटचालीचा मोठा आराखडा, करायचा हे 2016च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात आहे. 2020चं शैक्षणिक धोरणही संस्थेचा विकास आराखडा सगळ्यांनी मिळून करा म्हणतं. त्याच्या यादीत मंडळाचे सदस्य, संस्थेचे प्रमुख, शिक्षक, विद्यार्थी, कर्मचारी आहेत. होडी चालवणारा तांडेल नाही, बागायतदार नाही, पोराच्या मेसचे पैसे भरणारी आई नाही. कागदापुरतं काम करणारे तिथेच थांबतात.

आता माझी स्वतःची, अजून बोचणारी चूक. एप्रिलचा तिसरा आठवडा, बुधवार, सकाळी अकरा. देवगडात सभागृह घेतलं. साठ खुर्च्या, कोकम सरबत, पीपीटी. आले चौदा, त्यातले नऊ आमचेच. इतिवृत्तात 'बैठक उत्साहात पार पडली' असं लिहून खाली सही मीच ठोकली. ज्यांना तीनदा फोन केला होता त्या बागायतदारांच्या शेडवर संध्याकाळी गेलो. पेंढा घालून पेट्या भरणं चाललं होतं. मान वर न करता म्हणाले, "मास्तरानू, आता आंबो काढूचो की तुमच्या मीटिंगेक येवचा?"

ओशाळून मीही फळं पुसायला बसलो. त्या दोन तासांत सभागृहापेक्षा जास्त कळलं. त्यांची मुलगी बी.कॉम.ला, आणि परीक्षा नेमकी याच दिवसांत. वर्षाचा पैसा ज्या काही आठवड्यांत हाती येतो, तेव्हाच हिशेब बघणारं माणूस पेपर लिहायला गेलेलं. फुलकिड्यांवर काय मारायचं ते औषधाच्या दुकानदाराला विचारायचं. 2018ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचे कागद करून देणारं पोरगं जवळपास सापडत नाही. कोपऱ्यात नूतन झेला टेकवलेला होता, देठासकट फळ उतरवणारा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. विद्यापीठ आपल्या काय उपयोगाचं, हे त्यांना माझ्या पीपीटीतून शिकायचं नव्हतं.

तेव्हापासून तारीख ठरवताना मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर घेतो. मार्च ते मे बागायतदाराच्या वाटेला जायचं नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावर जायचं. माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतात आणि हात चालू असले की तोंडही चालतं. छत्री न्या, प्रोजेक्टर ठेवा घरी. गणपतीत चाकरमानी येतात, तेव्हा माजी विद्यार्थ्यांना गाठा, फक्त आरतीची वेळ सोडून. दहावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं पहिलं, पण परीक्षेला बसणारी मुलं राज्यात सगळ्यात कमी, आणि त्यातलीही कितीतरी पुढे मुंबई-पुण्याची गाडी धरतात. ती का गेली हे न विचारता वीस वर्षांनंतरची इमारत कोणासाठी बांधताय?

गुगल फॉर्म पाठवून 'मतं मागवली' म्हणू नका. तो प्राध्यापकच भरतात, तेही प्राचार्यांनी दटावलं म्हणून.

विद्यार्थी प्रतिनिधी एकच, आणि तोही शेवटच्या वर्षाचा, असं करू नका. निकाल लागला की तो गेला.

आराखडा छापून झाल्यावर सूचना मागवू नका. जैतापूर, नाणार, बारसूचे प्रकल्प पाहिलेल्या लोकांना आधीच ठरलेली गोष्ट वासावरून कळते.

सूचना घेऊन गायब होणाऱ्यांचा मात्र मला खरा राग आहे, आणि त्यात मीही होतो. हर्णैच्या बंदरावर एक मावशी म्हणाल्या होत्या, पोरीचे तास लिलावाच्या वेळेला ठेवू नका. मी मान हलवली, लिहून घेतलं. दोन वर्षांनी तिथेच भेटल्या. टोपली खाली ठेवून विचारलं, "तुम्ही लिहून घेतलंत, त्याचं पुढं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागद कुठल्या फायलीत आहे तेही ठाऊक नव्हतं. आता मी एक दोनशे पानी वही ठेवतो. डावीकडे कोण काय बोललं, उजवीकडे आपण काय केलं. 'नाही केलं, पैसे नाहीत' हेही उजवीकडे लिहितो आणि जाऊन सांगतो. लोक चिडतात, पण पुढच्या वेळी येतात.

नव्यानं नेमलेल्या समन्वयकांना हे सगळं पंधरा दिवसांत उरकायचं असतं, कारण सल्लागाराकडे साचा तयार असतो. अशाच एका साच्यातून रत्नागिरीसाठी आलेल्या मसुद्यात 'परिसरातील साखर कारखान्यांशी समन्वय' हे वाक्य निघालं. रत्नागिरीत साखर कारखाना आहेच कुठे, हे तीन जणांनी सह्या केल्यावर एका शिपायाच्या लक्षात आलं. बैठकीला शिपायांनाही बोलवा, चहा द्यायला नाही, बसायला.

आणि बैठक दुपारी चारला ठेवणार असाल तर शेवटची एसटी किती वाजता ते आधी डेपोत विचारा. साडेपाचची गाडी असलेला माणूस पाचलाच चपला शोधू लागतो, आणि नेमकं त्यालाच काहीतरी बोलायचं असतं.