लाइट गेली की आंघोळीचा मग हातात घ्या

आमच्या ओटीवर तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी माशांची काचेची टाकी आहे. मुलाने कॉलेजात असताना हट्टाने आणली आणि नोकरीला पुण्याला जाताना "आई, फक्त खायला घालत जा" एवढं सांगून निघून गेला. त्या 'फक्त'मध्ये काय काय येतं ते मला आमच्याकडच्या लाइटने शिकवलं. आम्ही दापोली तालुक्यातले, हर्णैच्या अलीकडचे. पहिला वळीव आला की डीओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज, उडालाच, नाहीतर कुठेतरी तारेवर फांदी. तास-दोन तास लाइट नसणं आम्ही धरतच नाही. हर्णैच्या लिलावातून आणलेली सुरमई इकडे विळीवर आणि तिकडे टाकीतल्या माशांना मी वारा घालतेय, यावर घरात खूप हसून झालंय.

३ जून २०२० ला मात्र निसर्ग वादळ आलं. रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, पण आमचे माड-पोफळीही झोपले. वाडीत बावीस दिवस लाइट नव्हती. फोनही मेलेले, त्यामुळे मुलाला विचारायची सोय नाही. पहिली रात्र कौलं उडालेल्या जागी ताडपत्री धरण्यात गेली, टाकीकडे बघायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पहाटे बॅटरी मारली तर दोन्ही गोल्डफिश उलटे. बाकीचे, म्हणजे तीन गुरामी, पाच मॉली आणि एक सकर, बावीसही दिवस जगले. त्यांना कसं जगवलं ते सांगते. त्यात जिथे चुकले तेही सांगते.

सगळ्यात आधी डोक्यात पक्कं करायचं की मासा फिल्टर बंद पडला म्हणून लगेच मरत नाही, उपाशी राहिला म्हणून तर मुळीच नाही. तो गुदमरतो. पंपाचे बुडबुडे म्हणजेच माशांचा श्वास असं मलाही वाटायचं. पण बुडबुडा वर जाता जाता पाण्याला थोडंच देतो. त्याचं खरं काम वर येऊन पाणी हलवण्याचं. हवा पाण्यात शिरते ती पाण्याच्या वरच्या तोंडातून, आणि ते तोंड हलतं असेल तर भराभर शिरते. त्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसातच. म्हणजे उन्हाळ्यात माशाला जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच कमी असतो. लाइट जाते तीही तेव्हाच.

तर लाइट गेली की पहिल्यांदा टाकीची सगळी बटणं बंद करा. का ते शेवटी सांगते. मग टाकीचं झाकण काढा. पण उघडीही ठेवू नका. श्वास लागलेला मासा उडी मारतो आणि आमच्याकडे बोका आहे. मच्छरदाणीचा तुकडा वरून टाकून कडेला कपड्याचे चिमटे लावायचे. हवा जाते, मासा जात नाही.

मग पाच मिनिटं नुसतं बघत बसा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत का? कल्ले नेहमीपेक्षा जोरात हलतायत का? वर आलेला प्रत्येक मासा गुदमरलेलाच असतो असं नाही, काही नुसते खादाड असतात. माझी खूण अशी: काचेला बोट लावायचं. भुकेला मासा बोटाकडे धावत येतो. श्वास लागलेला तिथेच वर लटकून राहतो, तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

गुरामी आणि फायटर यांची फार काळजी करू नका. ते थेट वरची हवा गिळून श्वास घेऊ शकतात, फक्त पाण्याच्या वर थोडी मोकळी जागा हवी. सकरही नड आली की वर येऊन हवेचा घोट घेऊन जातो. पहिला बळी गोल्डफिशचा. मोठा देह, श्वास जास्त आणि घाणही जास्त. आमच्या टाकीत नव्वद लिटर पाण्यात दोन मोठे गोल्डफिश आणि वर ही बाकीची मंडळी, ही दाटीच होती. आता कळतं. माझ्याकडे आता गोल्डफिश नाहीत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी लांबलेल्या वेळी त्यांना टाकीच्याच पाण्यासकट मोठ्या पसरट टबात काढावं. तेवढंच पाणी, पण तोंड मोठं.

आता मगाचं काम. आंघोळीचा प्लॅस्टिकचा मग घ्यायचा. तांब्या नको, काचेला लागला तर वेगळीच भानगड. मगाला साबणाचा अंश नको आणि हाताला तेल नको, कारण तेलाचा तवंग पाण्यावर पसरला की हवा अडते. टाकीतलंच पाणी मगात घ्यायचं, हातभर वर न्यायचा आणि ओतायचा. दोन दिवस मी असंच सरळ ओतत होते. धारेने खालची रेती उसळायची, तळातली घाण वर यायची आणि मॉली कोपऱ्यात जाऊन बसायच्या. तिसऱ्या दिवशी तांदूळ धुवायची रोवळी दिसली. ती टाकीच्या दोन काठांवर आडवी ठेवली आणि तिच्यात पाणी ओतलं. बांबूच्या फटींतून शंभर बारीक धारा पडल्या, वरचं पाणी निम्म्या टाकीभर थरथरलं आणि खाली रेतीचा कणही हलला नाही. रोवळी नसेल तर भाजी धुवायची प्लॅस्टिकची चाळण चालते. स्टीलचीही चालेल, पण जड असते, काठावर नीट बसवा.

पन्नास मग ओतायचे, मग वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं. मासे खाली जाऊन नेहमीसारखे फिरायला लागले तर तासाने ओता, पुन्हा वर आले तर लगेच. नातवंडं असतील तर त्यांना कामाला लावा, मोजता तरी येईल.

रात्रीचं काय? रात्रभर मग मारणं कुणाला जमत नाही. टाकीपेक्षा उंच स्टुलावर बादली ठेवायची आणि तिच्यात टाकीतलंच पंधरा लिटर पाणी भरायचं. बादलीत पंपाची पातळ नळी सोडायची, दुसरं टोक टाकीवर हातभर उंचीवर बांधायचं. नळी पाण्याने भरून खाली सोडली की धार सुरू. धार कमी-जास्त करायला मी मेडिकलमधून नवा सलाइनचा सेट आणला होता, त्याचं चाक फार कामाचं. तासाला तीन-चार लिटर अशी धार ठेवली तर चार-पाच तास चालते. पाणी टाकीतलंच असल्यामुळे सांडायची भीती नाही, परत तिथेच जातं. धार बारीक असते, एवढ्यावर भरलेली टाकी तगत नाही. म्हणून रात्री दोनला उठून रोवळीतून पन्नास मग मारायचेच. पण दहा ते दोन झोप मिळते.

टाकीत हिरवी झाडं असतील तर दिवसा ती मदत करतात, रात्री मात्र तीही प्राणवायू खातात. पहाटेची वेळ सगळ्यात वाईट ती त्यामुळेच. टॉर्च लावून ठेवून काही होत नाही. आणि दिवसा उजेड मिळावा म्हणून टाकीवर थेट ऊन घेऊ नका, पाणी तापेल.

खायला घालू नका. हे सगळ्यात अवघड, कारण आपला जीव तुटतो. धडधाकट मोठा मासा आठवडाभर न खाता आरामात राहतो. घातलेलं खाणं मात्र कुजतं, त्याचा अमोनिया होतो, आणि तो साफ करणारे जंतू फिल्टरच्या स्पंजात प्राणवायूवाचून अर्धमेले झालेले असतात. मी पहिला आठवडा काही घातलं नाही, पुढे दोन-तीन दिवसांआड चिमूट. पिल्लं असतील तर ती गोष्ट वेगळी, त्यांना थोडं थोडं लागतं.

दोन-चार तासांत लाइट आली नाही तर बंद डब्यातला फिल्टर उघडून आतला स्पंज टाकीत आणा. पाण्यात बुडालेला, पण रोवळीच्या धारा जिथे पडतात तिथे दोऱ्याने टांगा. नळाखाली धुऊ नका, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारतं.

लांबलं तर पाणीही बदलावं लागतं, रोज पाव टाकी. वादळानंतर आमची विहीर पाल्याने भरलेली आणि वास मारणारी. मग हातपंपाचं पाणी आणलं. जमिनीतून आलेल्या पाण्यात क्लोरीन नसलं तरी प्राणवायू फार कमी असतो, तसंच टाकीत ओतायचं नाही. एका बादलीतून दुसऱ्या बादलीत दहा-बारा वेळा उंचावरून ओतायचं, तासभर ठेवायचं, हात घालून टाकीच्या पाण्याइतकंच कोमट-गार आहे ना बघायचं, मग हळूहळू टाकायचं. शहरात नळाचं पाणी असेल तर दुकानातलं अँटी-क्लोरीन घरात असू द्या.

एक गोष्ट मला शेजारच्या मुलीने वेळेवर सांगितली. अंधारात डास फार, म्हणून मी टाकीखालीच मच्छर कॉइल लावली होती. कॉइल आणि डासांच्या फवाऱ्यात जे औषध असतं ते माशांना जबर विषारी. बॅटरीचा पंप चालू असेल तर तो खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. कॉइल, फवारा, रॉकेलचा दिवा, सगळं टाकीपासून लांब, दुसऱ्या खोलीत. जनरेटर तर घराबाहेरच, त्याचा धूर माणसालाही मारतो.

आता पंपाबद्दल, कारण सगळ्यांचं म्हणणं एकच: घ्या ना एक इन्व्हर्टर. असेल तर छान. पण हवेचा पंप तीन ते पाच वॅट खातो आणि इन्व्हर्टर स्वतः चालू राहायलाच त्याहून जास्त खातो. लांबच्या अंधारात बॅटरी फुकट उतरते. त्यापेक्षा मोबाइलच्या चार्जरसारखी पिन असलेला छोटा हवेचा पंप आणि पॉवर बँक. माझा पंप एक वॅटचा आहे, दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर दिवसभर आणि वर रात्र काढतो. पाव तास चालू, अर्धा तास बंद असं केलं तर आणखी पुरतो. फक्त लाइट असतानाच एकदा लावून बघा. काही पॉवर बँकांना एवढी कमी ओढ जाणवतच नाही, दोन मिनिटांत त्या आपोआप बंद होतात. माझी पहिली तशीच निघाली. मोठ्या दोन सेलवरचे पंपही मिळतात, आवाज गिरणीसारखा, पण चालतात.

पंप टाकीपेक्षा खाली ठेवत असाल तर नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह बसवाच. पंप बंद पडला की नळीतून टाकीचं पाणी उलटं खाली येतं. आमची अर्धी ओटी एकदा अशी भिजली आणि पंपही गेला. व्हॉल्व्ह फार महाग नसतो. त्याचं तोंड कुठल्या बाजूला ते फुंकून बघा.

वाडीतल्या पंक्चरवाल्याने एक जुगाड दिला होता तोही सांगते. ट्रकची जुनी ट्यूब पायपंपाने फुगवायची, व्हॉल्व्हची पिन काढून तिथे पातळ नळी घट्ट बांधायची, नळीला चिमटा लावून हवा हळूहळू सोडायची आणि टोकाला टाकीतला बुडबुडे काढणारा दगड. दोन-अडीच तास चाललं. आधीची रबराची वासाची हवा बाहेर सोडून दिली होती. रोज करायची गोष्ट नाही, पण लग्नाला जायचं असेल तेव्हा चालेल.

थंडीचा प्रश्न आमच्या कोकणात नाही. नाशिक-निफाडकडच्यांना आहे. त्यांनी टाकीच्या चारी बाजूंनी गोधडी गुंडाळावी, वरचं तोंड मोकळं ठेवून. उन्हाळ्यात उलट, बर्फ टाकायचा मोह आवरा. तापमान एकदम पडलं तर मासा त्यानेच जातो.

लाइट आल्यावर उड्या मारू नका. आमच्याकडे ती येते, डिम होते, फुल्ल होते, परत जाते. बटणं बंद ठेवली ती त्यासाठी. दहा-पंधरा मिनिटं स्थिर राहिली की पंप लावा. हीटर असेल तर आधी तो पाण्यात पूर्ण बुडालेला आहे ना बघा, उघडा राहून तापलेला हीटर पाणी घालताच तडकतो. बंद डब्याचा फिल्टर न धुता चालू करणं ही माझी जुनी चूक. वादळाच्याही आधी, चौदा तासांच्या बंदनंतर मी नुसतं बटण दाबलं आणि टाकीत काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी आलं. चार गप्पी तासाभरात गेले. डब्यातलं पाणी ओतून टाका, स्पंज टाकीतल्या बादलीभर पाण्यात पिळा, मग लावा. पुढचे चार-पाच दिवस पाव टाकी पाणी रोज बदला आणि खाणं चिमटीतच ठेवा. जंतू परत वाढायला वेळ लागतो.

बावीस दिवसांनी फोन लागला तेव्हा मुलाने घर, कौलं, बाबा, बोका सगळं विचारून झाल्यावर माशांचं विचारलं. गोल्डफिश गेल्याचं सांगितलं. तो थोडा गप्प बसला आणि म्हणाला, "रोवळी? ती तर आजीची ना?" आजीचीच. अजून टाकीशेजारीच टांगलेली असते, तांदूळ मी आता चाळणीत धुते.